उरलेला तुकडा

पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. तू, शर्मिलावहिनी आणि छोटी खुशाल असाल असं धरून चालते. इथे थंडी पळाली. आई बरी आहे. परवा फोनवर म्हणाली, "वाल भरलेत. पोपटीला यायचं तर ये, शेंगा काय तुझ्यासाठी थांबत नायत." मडक्यात भाजलेल्या त्या शेंगांसाठी मी जाणार होते, जमलं नाही.

फोन न करता कागद का घेतला ते तुला कळलं असेल. त्या दिवशी तू बोलता बोलता फोन ठेवलास, आणि त्यानंतर उचलत नाहीस. शिवाय तूच म्हणायचास की निशा फोनवर भांडते, कागदावर विचार करते. बघू, जमतं का.

मी इथे संस्थेत नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. आईने विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. आता सांगते. एखाद्या कारखान्याचा नवा पदार्थ पाण्यात जाणार असेल, तर तो पाण्यात किती टिकेल आणि मोडला तर कशात मोडेल, हे आधी सांगायचं असतं. प्रत्येक पदार्थ बाटलीत घालून महिनोन्महिने वाट बघायला कुणाला वेळ नाही. म्हणून ज्या हजारो पदार्थांची अशी वाट पूर्वी कुणीतरी बघितली आहे, त्यांच्या नोंदी संगणकाला शिकवायच्या; त्यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. मग नवा रेणू दाखवला की तो सांगतो: हा या जोडापाशी तुटेल, हा भाग उन्हाने जाईल, तो जीवाणू खातील. आणि उत्तराशेजारी हेही सांगतो की त्याला स्वतःलाच त्या उत्तराची किती खात्री आहे. मला त्याच्यातलं हे सगळ्यात आवडतं. माणसं इतकं सांगत नाहीत.

नोव्हेंबरात तुमच्या कंपनीच्या महाडच्या प्लांटचा, आधीपासून नदीत सुटत असलेला एक पदार्थ प्रदूषणाच्या समितीने फेरतपासणीला आमच्याकडे पाठवला. मी त्याच दिवशी अरविंद सरांना सांगितलं, की माझा भाऊ याच कंपनीच्या गुजरातच्या प्लांटमध्ये केमिस्ट आहे आणि माझी वाडी याच नदीच्या काठी, खालच्या अंगाला आहे. सर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. तुझं काम आणखी दोघं तपासतील. तू कर." हे तुला अशासाठी लिहिते की तू फोनवर म्हणालास, घरचं भांडण ऑफिसात नेऊ नकोस. भांडण नव्हतंच रे.

तुमचा मूळ पदार्थ शहाणा आहे. कोमट पाण्यात थोड्याच दिवसांत मोडतो. कंपनीच्या तपासणीत 'आढळला नाही' असं येतं, ते खरंच आहे. पण मोडतो म्हणजे त्याचे दोन तुकडे होतात. एक जीवाणू खाऊन टाकतात. दुसऱ्यात फ्लोरीन आहे, आणि फ्लोरीन कार्बनला कसं चिकटून बसतं ते तुला मी काय सांगू. मॉडेल म्हणतं, हा तुकडा मोडणार नाही, पाण्यात उरेल, साठत जाईल. तपासणी मूळ पदार्थाची होते. तुकड्याला कुणी शोधतच नाही.

आता आपली नदी बघ. पोलादपूरहून उतरते तेव्हा ती नदी असते, आपल्या वाडीपाशी येईस्तोवर तिला समुद्राची ओढ लागते. उन्हाळ्यात वरून धार बारीक आणि खालून भरतीचा रेटा. पाणी तिथल्या तिथे हेलकावत बसतं. म्हणजे मूळ पदार्थाला मोडायला हवा तेवढा वेळ, आणि तुकड्याला जायला वाट नाही. आपली विहीर काठच्या वाळूतून पाणी ओढते. वैशाखात ते मचूळ लागतं ना, ते त्यामुळेच.

अडचण एवढीच, की या तुकड्याबद्दल मॉडेल स्वतःच म्हणतं, मला खात्री कमी आहे. त्याने असले रेणू फारसे पाहिलेले नाहीत. तेव्हा पाणी तपासायला हवं. आमच्या मशीनला तुलना करायला त्या तुकड्याची शुद्ध पूड लागते, आणि ती बाजारात कुठेच मिळत नाही. तुमच्या गुजरातच्या लॅबमध्ये आहे, तिथेही हाच पदार्थ बनतो. दिवाळीत तूच म्हणाला होतास, प्रत्येक बॅचमध्ये ती अशुद्धी म्हणून तपासावी लागते. संस्थेने रीतसर पत्र पाठवलं, उत्तर नाही. मग मी तुला विचारलं. तू म्हणालास, "बहीण म्हणून मागतेस की संस्था म्हणून?" मी म्हटलं, दोन्ही. आणि तू फोन ठेवलास.

दादा, खिशात घालून आण असं मी म्हटलं नव्हतं आणि म्हणणार नाही. संस्थेचं पत्र तुमच्याकडे कुणाच्या तरी टेबलावर पडलंय. ते कुणाच्या टेबलावर आहे एवढं तुला कळू शकतं.

मार्चात वाडीवर जाते आहे. पोलादपूरपासून खाली ठिकठिकाणी पाणी भरून घेणार आहे. वाडीवर काय बोलायचं, बोलायचं की नाही, हे अजून ठरत नाही. सर म्हणतात, अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, पुरावा येईपर्यंत गप्प राहा. तोवर आई रोज हंडा भरते आहे. माझं कशातच लक्ष नाही. चहा ठेवते आणि विसरते.

छोटीला गोड पापा.

तुझी,
निशा


खालची वाडी,
२४ मार्च

प्रिय दादा,

जयभीम. तुझं पत्र नाही, तरी मी लिहिते आहे. सगळे बरे आहेत. वीस तारखेला महाडला नेहमीसारखीच रीघ होती. विदर्भातल्या बायका सत्याग्रहाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून गात होत्या. काशीरामकाकांनी यंदाही स्टेजचा माईक सोडला नाही. ऊन मात्र फार. वीर स्टेशनला गाडीतून उतरलेले लोक रिक्षा मिळेना म्हणून चालतच निघाले होते.

पोलादपुराला पाणी भरायला गेले तेव्हाची गंमत सांगते. मी पुलाखाली बाटल्या भरते आहे, त्यांना बर्फ लावते आहे, चिठ्ठ्या चिकटवते आहे, आणि एक कपडे धुणारी बाई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "नदीला ताप आलाय काय गो?" मी म्हटलं, इथे नाही, खाली आलाय का बघते. तर म्हणते, "खाली गेल्यावं कोण बरं रातं!" मला हसू आलं आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

वाडीवर मी बोलले. सरांनी नको म्हटलं होतं तरी बोलले, कारण पाणपोई. आपल्या बायका दरवर्षी वीस तारखेला महाडच्या रस्त्यावर पाणपोई लावतात, विहिरीचं पाणी रांजणात भरून. उन्हातून चालत आलेली माणसं ओंजळीनं पितात. मला ते डोळ्यांपुढे येऊ लागलं. म्हणून आदल्या रविवारी समाजमंदिरात सगळे जमले असताना मी उभी राहिले. लॅपटॉप उघडून भिंतीवर नदीचा नकाशा दाखवला, रेणू दाखवला, आलेख दाखवले. म्हटलं, यंदा टँकर मागवू. आणि उन्हाळाभर पिण्याला वरच्या वाडीच्या टाकीवरून पाणी आणू, तिचा झरा डोंगरातला आहे.

दादा, वरची वाडी म्हटलं आणि समाजमंदिरातल्या सगळ्या माना आईकडे वळल्या.

तुला आठवतं की नाही, मला तर फक्त ऐकून ठाऊक आहे. आबा लहान असताना आजी वरच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणी हंड्यात पाणी घालेल का याची वाट बघत. तळ्यावर पाणी पिऊन झालं होतं, कायदे झाले होते, तरी. म्हणून मोठे झाल्यावर आबांनी आणि वाडीतल्या गड्यांनी ही विहीर खणली. तिथून पुढे कुणी वर गेलं नाही. नळयोजना आली तीही वरच्या वाडीपाशी थांबली आणि आपण भांडलो नाही, कारण आपल्याला आपली विहीर होती.

आई उठली. म्हणाली, "पाण्यात हाय का ते? तू बघितलंस?"

मी म्हटलं, "अजून मोजलं नाही. पण मॉडेल सांगतं की असणार."

आई सगळ्यांकडे वळून म्हणाली, "माझी पोर संगणकातलं पाणी पिते. आपण आपलं विहिरीतलं पिऊ." सगळे हसले. मीही हसले. मग ती माझ्याकडे न बघता, हळूच, पण ऐकू येईल असं बोलली, "तुझ्या बापानं खणलेली विहीर हाय ती. तिच्यासाठी परत त्यांच्या दारात उभी करतेस व्हय मला?"

पाणपोई लागली. विहिरीच्याच पाण्याची.

आणि आता मला जे लिहायचं नव्हतं ते. वीस तारखेला मी पाणपोईशेजारी उभी होते. जाऊ शकत होते, पण पाय निघेना. लोक पीत होते, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या "लई गोड पानी" म्हणत होत्या. मला सारखं वाटत होतं, रांजण लाथेने उलथून टाकावा. आईने मला पाहिलं. पेला भरला, रांगेतल्या सगळ्यांदेखत हात लांब करून माझ्यापुढे धरला, आणि म्हणाली, "घे."

त्या दिवशी, त्या गावात, आईच्या हातातलं पाणी मी नाही म्हणू? दादा, मी प्याले. सगळा पेला. एका पेल्याने काही होत नसतं, प्रश्न वर्षानुवर्षांचा आहे, हे मला कळतं. पण शेजारची रखमाकाकू लगेच म्हणाली, "बघा, बाई स्वतः प्याली!" आणि झालं. मी समाजमंदिरात जे बोलले होते ते त्या एका पेल्यात वाहून गेलं.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते. पेला मात्र माझ्या ताटाशी मुद्दाम भरून ठेवते आणि मी पिते का बघते. मी बाजारातून बाटली आणली, तर ती बाटली तिने परसात ओतली. बाकी सगळे बरे आहेत असं वर लिहिलं ना, ते या अर्थाने.

नमुने पुण्याला पोचलेत, फ्रीजमध्ये पडून आहेत. पुडीशिवाय मशीन मुकं आहे. मी उद्या निघते.

तू आईला फोन कर. माझी बाजू घेऊ नकोस. नुसता कर.

तुझी,
निशा


खालची वाडी,
११ मे

प्रिय दादा,

जयभीम. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेत एक पार्सल आलं. थर्मोकोलच्या पेटीत छोटी बाटली, सोबत तुमच्या प्लांटचं शिक्क्याचं पत्र, सगळं रीतसर. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तुझं अक्षर होतं. 'द' ला तू जो आकडा काढतोस तो मी कुठेही ओळखेन. मी ती बाटली हातात धरून जिन्यात बसून राहिले.

तू मला काही कळवलं नाहीस, ते शर्मिलावहिनीने सांगितलं. संस्थेचं पत्र खालच्या कप्प्यात पडलेलं तू शोधलंस, मॅनेजरच्या टेबलावर ठेवलंस आणि म्हणालास, "साहेब, हो म्हणा की नाही म्हणा, पण लिहून द्या." नाही असं लिहून द्यायला कुणी धजेना, म्हणून हो आलं. आणि त्यानंतर तुला लॅबमधून काढून टँकांच्या आवारात टाकलं. वहिनी रडत नव्हती, पण अधूनमधून थांबत होती. मी तिला काय बोलले ते मला आठवत नाही. तुला काय बोलू तेही कळत नाही. मी तुला पत्र कुणाच्या टेबलावर आहे एवढंच बघ म्हटलं होतं. तू ते उचललंस.

मशीनवर नमुने लावले. पोलादपूर कोरं. महाडच्या वर कोरं. मग खाली खाली येत गेलं तसा पडद्यावर एक उंचवटा दिसायला लागला. आपल्या विहिरीचा नमुना लावला आणि तो उंचवटा तुझ्या पुडीच्या उंचवट्यावर नेमका बसला. मॉडेलने सांगितलेल्या जागी, जवळजवळ सांगितला तेवढा.

मला आनंद झाला, दादा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. क्षणभरच, पण झाला. मी टेबलावर हात आपटून "बसलं!" म्हणाले. शेजारच्या मुलीने टाळी दिली. टाळी देताना माझ्या लक्षात आलं की मी कशाला टाळी देते आहे. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं.

सरांनी अहवाल समितीला पाठवला. समितीने महाडच्या प्लांटला सांगितलंय, की त्या प्रक्रियेचं पाणी सोडू नका, टाक्यांत धरून ठेवा, तुकडा काढायचा उपाय दाखवा, मग बघू. ते किती दिवस चालेल, पावसाळ्यात टाक्या भरल्या की काय करतील, मला ठाऊक नाही. पण सध्या सुटत नाही एवढं खरं. जे आधीच सुटलंय ते वाळूत आहे, विहिरीत आहे.

अहवाल गेला त्याच दिवशी मी रजा टाकून वाडीवर आले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. या खेपेला मी लॅपटॉप उघडला नाही. तिच्याजवळ बसले. ती सूप न थांबवता म्हणाली, "मोजलंस?"

"मोजलं."

"हाय?"

"आहे."

"कवापासनं?"

"ठाऊक नाही."

"त्यानं माणसाला काय व्हतं?"

"ठाऊक नाही गं आई. कुणालाच नाही. काही होणारही नाही कदाचित. पण मला भीती वाटते. तू ते पाणी पितेस आणि मला पुण्यात झोप लागत नाही."

तिचं सूप थांबलं. तिने तांदळातून एकदा बोटं फिरवली. मग म्हणाली, "हे त्या दिवशी का नाय बोललीस? भिंतीवर रेघा दावत बसलीस. भ्या वाटतंय म्हणाली असतीस, तर मी त्याच दिशी हंडा पालथा घातला असता."

मी रडले. ती रडली नाही. तिने उठून पदर खोचला, रिकामा हंडा घेतला आणि दारात जाऊन रखमाकाकूला हाक मारली. रखमाकाकूने पुढच्या दारात. बघता बघता अर्धी वाडी हंडे घेऊन रस्त्यावर. मी म्हटलं, "आई, आधी सरपंचांशी बोलते, अर्ज देते, मग जाऊ."

"कशाला? टाकी पंचायतीची हाय. तळ्यावं आपली माणसं मागाया नव्हती गेली, घेयाला गेली व्हती."

चढावर आई सगळ्यांच्या पुढे. वर टाकीपाशी महिपततात्या बैल धूत होते, तेच ते, जुने मेंबर. आम्हाला बघून त्यांनी हात थांबवला. दोन दारांतून बायका बाहेर आल्या. आई सरळ नळापाशी गेली, हंडा लावला, चावी सोडली. पाण्याचा आवाज इतका मोठा वाटला की काय सांगू.

तात्या म्हणाले, "काशीबाय, तुमच्या विहिरीला काय झालं?"

"तिच्यात कंपनीचं आलंय. पोरीनं मोजलं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सुरू होणार. झरा उन्हाळ्यात आटतो, आमच्यालाच पुरत नाय, वगैरे. तसं ते बोललेच, "संध्याकाळला धार बारीक होते. सकाळी लवकर यायचं बगा." आवाजात गोडवा काही नव्हता. पण मग ते जवळ आले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "मी कलिंगडाला नदीचंच पानी लावतो. पंप बसवलाय. त्याचं काय?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही तात्या. मोजावं लागेल."

"मंग मोज की," ते चिडूनच म्हणाले. "तुमचं तेवढं मोजायचं आन् आमचं नाय व्हय?"

मागून त्यांची सून अक्षदा, माझ्या शाळेतली, हळूच विचारत होती, "आमच्या झऱ्यात नाय ना गो ते?" मी म्हटलं, नाही, तो डोंगरातून येतो. तिने सुस्कारा सोडला आणि आईच्या हंड्याला हात लावून तो डोक्यावर चढवायला मदत केली. आईने तो हात लावू दिला. एवढंच झालं. सगळं निस्तरलं असं समजू नकोस. परवा सकाळी कुणीतरी चावी काढून ठेवली होती, तासभर आरडाओरडा झाला. पण चावी परत आली, आणि आता नळ खालपर्यंत आणायचा ठराव ग्रामसभेत मांडायचा ठरलंय. काशीरामकाका भाषण करणार आहेत, म्हणजे लवकर संपणार नाही.

आपली विहीर तशीच आहे. कपडे, भांडी, गुरं यांना तेच पाणी. मी तिचे आकडे मॉडेलला दिले. आता पुन्हा कधी असा रेणू पुढे आला तर ते मला खात्री कमी आहे असं म्हणणार नाही, निदान इतकी कमी नाही.

आता शेवटचं. हे लिहायला तीन वेळा पान फाडलं.

काल आईने सहज विचारलं, "पाण्यात मोजलंस तसं माणसात मोजता येतं काय गो?" मी भाकरी थापत होते. म्हटलं, "नाही येत." तिने मान हलवली.

येतं, दादा. रक्तात मोजता येतं. पूड आहे, मशीन आहे, तेच मशीन. मी महिनाभर ते करू शकत होते आणि केलं नाही. सगळ्यांना मोजा मोजा म्हणत फिरणारी मी, आणि माझ्या आईचा आकडा मला नको आहे. अंदाज असेपर्यंत तो खोटा ठरू शकतो ना. आकडा आला की संपलं.

तू आलास की तिला सांगू असं ठरवून पत्राला बसले होते. पण हे तुझ्यावर ढकलणं झालं. तू आधीच पुष्कळ उचललंस. पत्र बंद करते आणि आत जाऊन सांगते. मग पाकीट चिकटवते.

तुझी,
निशा

ता. क. सांगितलं. मी खोटं बोलले ते तिने बाजूला सारलं. चोळीची बाही वर केली आणि म्हणाली, "मग काढ. भाकऱ्या होईस्तोवर थांबू का आत्ताच?" मी म्हटलं, मला सुई टोचता येत नाही, उद्या महाडला दवाखान्यात जाऊ. बरं म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "माझं काय, मी विहिरीतलं प्याले. अश्विन त्या टँकांत उभा असतो. त्याचं कुणी काढलं?"

मी दोन पत्रं तुला लिहिली. पूड मागितली. पत्र कुणाच्या टेबलावर आहे ते विचारलं. तू ती पूड रोज हाताळायचास, आता ज्या टँकांशी तुला उभा केलाय त्यात तेच आहे, आणि तेही माझ्यामुळे. हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. आईच्या आलं.

दादा, रजा दिली नाही तरी ये. वीरला उतरलास की फोन कर, मी रिक्षा घेऊन थांबते. आईसाठी नको येऊस, माझ्यासाठी तर नकोच. तुझं रक्त द्यायला ये.

निशा